वाचकांचे प्रश्न : कोड एजंटचा, मग रचना आणि पडताळणी कोणाची?

कोड लिहिणाऱ्या एआय एजंटविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. आर्किटेक्चर (प्रणालीची रचना) आणि रिव्ह्यू (लिहिलेल्या कोडची तपासणी) या दोन विषयांवर सर्वाधिक विचारणा झाल्यामुळे त्यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : कोड सुचवणारी साधने काही वर्षांपासून वापरात आहेत. एजंटमध्ये त्याहून वेगळे काय आहे?

कामाची पद्धतच वेगळी आहे. गिटहब कोपायलट या कोड सुचवणाऱ्या साधनाची चाचणी आवृत्ती २०२१ मध्ये आली, तेव्हा ते साधन तुम्ही लिहीत असलेल्या ओळीच्या पुढची ओळ, फार तर पुढचे फंक्शन सुचवत असे, आणि ते घ्यायचे की टाकायचे हे प्रत्येक वेळी माणूस ठरवत असे. एजंटला मात्र काम सांगितले जाते. तो स्वतः फाइली शोधून वाचतो, बदल करतो, कमांड चालवतो, टेस्टचा, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, निकाल पाहतो आणि निकाल चुकला तर पुन्हा बदल करतो. भाषेचे मॉडेल, त्याच्या हाती दिलेली साधने आणि प्रत्येक कृतीचा निकाल परत मॉडेलपर्यंत नेणारे चक्र, अशी त्याची रचना असते. त्याचे बळ या चक्रात आहे, कारण पहिल्या प्रयत्नातील चूक त्याला स्वतःला दिसू शकते. पण जी चूक टेस्टमध्ये, कंपायलरच्या (कोड तपासून यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या) संदेशात किंवा लॉगमध्ये (प्रणालीने स्वतः केलेल्या नोंदींत) कुठेच उमटत नाही, ती त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

या क्षेत्राची प्रगती मोजणारी एक कसोटी येथे बोलकी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मांडल्या गेलेल्या एसडब्ल्यूई-बेंचमध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील १२ खुल्या, म्हणजे कोड सर्वांना उपलब्ध असलेल्या, प्रकल्पांतील २,२९४ खऱ्या तक्रारी घेतल्या होत्या, आणि तेव्हाच्या सर्वोत्तम मॉडेलला त्यांपैकी जेमतेम १.९६ टक्के सोडवता आल्या. पुढे त्यातील ५०० प्रश्न माणसांनी तपासून वेगळे काढले. त्या संचावर २०२५ मध्ये आघाडीच्या मॉडेलांनी ७० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. दोन्ही संच तंतोतंत तुलना करण्याजोगे नाहीत, तरी झेप मोठी आहे. मात्र या कसोटीतील प्रत्येक प्रश्नासोबत उत्तराचा निवाडा करणाऱ्या टेस्ट आधीपासून तयार आहेत, ही गोष्ट सहज नजरेआड होते. जेथे बरोबर आणि चूक यंत्राला ठरवता येते, तेथे एजंट वेगाने सुधारले. तुमच्या रोजच्या कामातील किती भाग असा आहे, हा प्रश्न मला साधनाच्या निवडीपेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि पुढील बहुतेक उत्तरांत तो पुन्हा येईल.

प्रश्न : एजंट वापरल्यापासून काम झपाट्याने होते असे आमच्या सर्व सहकाऱ्यांना वाटते, पण प्रकल्प पूर्वीइतकाच वेळ घेतात. हे कसे?

वाटणे आणि मोजणे यांत अंतर पडू शकते, याचा चांगला पुरावा उपलब्ध आहे. एमईटीआर या संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ अनुभवी डेव्हलपरांनी, त्यांना उत्तम माहीत असलेल्या मोठ्या खुल्या प्रकल्पांत, २४६ कामे केली. कोणत्या कामात एआय वापरायचे आणि कोणत्या नाही, हे यादृच्छिकपणे ठरवले होते. एआयमुळे वेळ २४ टक्के कमी लागेल असा त्यांचा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला. आणि काम संपल्यावरही आपला वेळ २० टक्के वाचला असेच त्यांना वाटत होते. हा प्रयोग २०२५ च्या सुरुवातीच्या साधनांवर, आपापला कोड खोलवर जाणणाऱ्या मोजक्या लोकांवर झालेला असल्यामुळे तो सर्वांना लागू करणे चुकीचे ठरेल. अनोळखी भाषेत लहान साधन उभे करताना होणारा लाभ उघड दिसतो. परंतु वेगाविषयीची आपली स्वतःची जाणीव भरवशाची नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

गुगलच्या डोरा या संशोधन गटाच्या २०२४ च्या अहवालाचा निष्कर्षही याला जुळणारा होता. एआयचा वापर २५ टक्क्यांनी वाढल्यास सॉफ्टवेअर बाहेर पडण्याचा वेग अंदाजे १.५ टक्के आणि स्थिरता ७.२ टक्के घटते, असा अंदाज त्यात मांडला होता, आणि एका वेळी होणाऱ्या बदलांचा आकार वाढणे हे त्याचे संभाव्य कारण म्हणून दिले होते. ते मला पटते. कोड लिहिण्याचा टप्पा आखूड झाला, तरी गरज समजून घेणे, रिव्ह्यू, एकत्रीकरण आणि बिघाड निस्तरणे हे टप्पे आहेत तेवढेच राहतात, किंवा वाढतात. लिहिलेल्या ओळी आणि मंजूर झालेल्या पुल रिक्वेस्ट (मूळ कोडमध्ये बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) मोजणे थांबवा. एखादी मागणी मान्य झाल्यापासून ती प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, स्थिरपणे चालू लागेपर्यंतचा काळ मोजा, आणि महिन्याभरात पुन्हा बदलाव्या लागलेल्या कोडचे प्रमाण त्याच्या शेजारी ठेवा.

प्रश्न : एजंट लहान कोडबेसवर चांगले काम करतात, म्हणून आमची एकसंध प्रणाली मोडून तिच्या मायक्रोसर्व्हिस (नेटवर्कवरून एकमेकींशी बोलणाऱ्या लहान स्वतंत्र सेवा) कराव्यात असा प्रस्ताव आमच्या टीमपुढे आहे. आपले मत काय?

या एकाच कारणासाठी ते करू नये. तुमच्या टीमचे निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलट दिशेने जातो.

आधी निरीक्षणाविषयी. एजंटला एका वेळी जे दिसते ते त्याच्या कॉन्टेक्स्ट विंडोपुरते, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकते तेवढ्या मजकुरापुरते. काही मॉडेलांची ही मर्यादा २०२४ मध्येच दहा लाख टोकनांपर्यंत (शब्द किंवा शब्दांच्या तुकड्यांपर्यंत) पोहोचली होती, परंतु मजकूर मावणे आणि त्याचा नीट उपयोग होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लांब मजकुराच्या मधल्या भागातील माहिती मॉडेल कमी विश्वासार्हपणे वापरतात, असे २०२३ मधील एका बहुचर्चित संशोधनात आढळले होते. म्हणून एखादा बदल करण्यासाठी लागणारी सगळी माहिती थोड्या, जवळजवळच्या फाइलींत असेल, तर एजंटचे काम निश्चितच सुधारते.

आता निष्कर्षाविषयी. मायक्रोसर्व्हिस केल्याने कोडचे तुकडे लहान होतात, पण त्यांच्या मधोमध नेटवर्क येते. पूर्वी एका कंपायलरने पकडलेली विसंगती आता दोन रिपॉझिटरींच्या (कोडच्या स्वतंत्र साठ्यांच्या) सीमेवर, दोन स्वतंत्र आवृत्त्यांच्या दरम्यान, प्रत्यक्ष चालताना उघडकीस येते. एका रिपॉझिटरीत बसलेल्या एजंटला पलीकडचा कोड दिसत नाही, आणि काही सेकंदांत चालणारी टेस्ट चार सर्व्हिस उभ्या केल्याशिवाय चालेनाशी होते. एजंटला सर्वांत जास्त उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे झटपट, जागच्या जागी मिळणारा निकाल. तोच तुम्ही काढून घेता. स्वतंत्र टीमना स्वतंत्रपणे डिप्लॉय करता येणे (आपला भाग वापरात आणता येणे), एखाद्या भागावरचा भार इतरांहून फार वेगळा असणे किंवा एका भागातील बिघाड दुसऱ्यात पसरू न देणे, ही मायक्रोसर्व्हिसची खरी कारणे आहेत आणि ती असतील तर जरूर विचार करावा.

तुम्हाला हवे आहे ते एकाच प्रणालीच्या आत मिळू शकते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या निबंधात शब्दसूची तयार करणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमची दोन प्रकारे विभागणी करून दाखवली होती. पहिल्या प्रकारात प्रक्रियेची प्रत्येक पायरी हे एक मॉड्यूल (प्रोग्रॅमचा स्वतंत्र भाग) होते. त्यामुळे ओळी साठवण्याची पद्धत बदलली की जवळजवळ सगळी मॉड्यूल्स बदलावी लागत. दुसऱ्या प्रकारात पुढे बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलमध्ये झाकून ठेवला होता. त्यामुळे तोच बदल एका जागी उरकत असे. एजंटच्या काळात हा निकष मला पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो, कारण झाकलेला निर्णय म्हणजे एजंटला वाचावी न लागणारी माहिती, आणि रिव्ह्यू करणाऱ्या माणसालाही.

मात्र सीमा केवळ आकृतीत असून भागत नाही. बिलिंगच्या टेबलमध्ये परस्पर लिहायचे नाही, हे जुन्या सहकाऱ्याला ठाऊक असते. कुणी तरी कधी तरी त्याला तसे सांगितलेले असते. एजंटला ते कुणी सांगितलेले नसते, आणि वाट मोकळी असेल तर तो सर्वांत जवळच्या वाटेने जातो. म्हणून कोणत्या मॉड्यूलने कोणते मॉड्यूल वापरावे याचे नियम बिल्डमध्येच (कोड जोडून चालण्याजोगा करण्याच्या आपोआप होणाऱ्या टप्प्यात) तपासले जातील, आणि नियम मोडताच बिल्ड पडेल, अशी व्यवस्था करा. एजंटसाठीच्या सूचनांच्या फाइलीत लिहिलेली विनंती कधी पाळली जाते, कधी जात नाही. पडलेल्या बिल्डकडे मात्र एजंटला दुर्लक्ष करता येत नाही.

आणखी एक गोष्ट मी गांभीर्याने लक्षात ठेवेन. प्रणालीची रचना ती बनवणाऱ्या संस्थेतील संवादाच्या रचनेसारखी होत जाते, हे संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडलेले निरीक्षण आहे. आज एकच व्यक्ती काही एजंटच्या साहाय्याने पूर्वी तीन टीमकडे असलेल्या भागांत बदल करू लागली आहे. टीमच्या सीमा अशा पुसट झाल्या की प्रणालीच्या सीमाही कुणी न ठरवता पुसट होतील. कोणत्या सीमा राखायच्या, हे त्याआधी ठरवावे लागेल आणि त्यांना नावानिशी एक माणूस जबाबदार असावा लागेल.

प्रश्न : मी टीम लीड आहे. पुल रिक्वेस्टची संख्या आणि आकार इतका वाढला आहे की सर्व वाचणे शक्य होत नाही. एका एजंटचे काम दुसऱ्या एजंटकडून तपासून घेतले तर पुरेसे होईल का?

उपयोगी होईल, पुरेसे होणार नाही. दुसरा एजंट न हाताळलेली त्रुटी, विसरलेली शक्यता, उघड सुरक्षादोष पकडतो. पण दोघे एकाच किंवा सारख्याच मॉडेलवर चालत असतील, तर एकाला न दिसलेली चूक दुसऱ्यालाही न दिसण्याची शक्यता मोठी असते. शिवाय ग्राहकाला नेमके काय हवे होते, हे त्या दोघांपैकी कुणालाच माहीत नसते.

तुमचे लक्ष हे आता टीमचे सर्वांत मर्यादित साधन आहे, तेव्हा ते सर्व ओळींवर सारखे वाटू नका. जे बदल मागे घेता येत नाहीत, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतील बदल, डेटा पुसणारा किंवा हलवणारा कोड, बाहेरच्या लोकांनी वापरायचा इंटरफेस (कोडशी जोडून घेण्याची ठरलेली पद्धत), परवानग्या आणि पैशांचे हिशेब, त्यांची प्रत्येक ओळ माणसाने वाचलीच पाहिजे. पक्का इंटरफेस आणि भरीव टेस्ट असलेल्या मॉड्यूलच्या आतला बदल त्या मानाने हलक्या हाताने पाहिला तरी चालतो. आधी एजंटकडून योजना लिहून घ्या आणि ती वाचा. चुकीची योजना नाकारायला दहा मिनिटे लागतात. तिच्यावरून लिहिलेला दोन हजार ओळींचा कोड नाकारायला अर्धा दिवस जातो, आणि तोवर झालेल्या कामाकडे पाहून तो नाकारण्याचे मनही होत नाही.

टेस्टबाबत विशेष जागरूक राहा. टेस्ट पास करणे हेच ध्येय म्हणून एजंटसमोर असेल, तर तो कधी कधी टेस्टच सैल करतो, वगळतो किंवा त्या एका इनपुटपुरते उत्तर कोडमध्ये लिहून टाकतो. टेस्टमधील बदल वेगळ्या कमिटमध्ये (बदलांच्या वेगळ्या नोंदीत) मागा आणि तो आधी वाचा. टेस्ट काढून टाकणारा कोणताही बदल आपोआप वेगळा दाखवला जाईल असे करा. शक्य तेथे ठरावीक उदाहरणांऐवजी नेहमी खरा राहणारा गुणधर्म तपासा. हॅस्केल भाषेसाठी २००० मध्ये आलेल्या क्विकचेक या टेस्टच्या साधनाने ही पद्धत रूढ केली. डेटा साठवून पुन्हा वाचला की मूळचाच मिळाला पाहिजे, असा नियम दिला की यंत्र शेकडो इनपुट स्वतः तयार करून तो मोडायचा प्रयत्न करते. अशा टेस्टला विशिष्ट उत्तर लिहून फसवणे अवघड असते.

एजंटने लिहिलेला कोड ज्याने मागवला, त्याने तो वाचल्याखेरीज इतरांकडे रिव्ह्यूसाठी पाठवू नये, या नियमावर मी तडजोड करणार नाही. अन्यथा मागवणाऱ्याचे काम दोन मिनिटांचे आणि वाचणाऱ्याचे दोन तासांचे होते, आणि ते अन्यायाचे आहे. टीमला पडताळता येईल त्याहून जास्त काम एका वेळी एजंटवर सोपवूही नये.

प्रश्न : एजंटसाठी कोणती प्रोग्रॅमिंग भाषा चांगली?

जिचा कंपायलर लवकर आणि स्पष्ट तक्रार करतो ती, म्हणजे साधारणपणे स्टॅटिक टाइप असलेली, जिच्यात कोणत्या नावात कोणत्या प्रकारची माहिती असेल हे चालवण्याआधीच तपासले जाते. पण चालू प्रकल्पाची भाषा एवढ्यासाठी बदलू नका. तुमच्या टीमला जी भाषा वाचता येते, तिचे मोल अधिक आहे.

प्रश्न : आमच्याकडे सुमारे पंधरा वर्षे जुनी प्रणाली आहे आणि ती लिहिणारे कुणीही आता येथे नाहीत. एजंटकडून ती नव्या भाषेत संपूर्ण लिहून घ्यावी का?

एका दमात नाही. संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये असे मांडले की प्रोग्रॅम म्हणजे केवळ त्याचा मजकूर नव्हे. तो बनवणाऱ्यांच्या मनातील समज हा त्याचा खरा गाभा असतो, आणि ती माणसे गेली की मजकूर शिल्लक राहूनही प्रोग्रॅम निर्जीव होतो. एजंट तुमचा कोड काय करतो हे बऱ्याच चांगल्या प्रकारे सांगू शकेल. तो तसे का करतो, हे मजकुरात नसेल तर त्यालाही सापडणार नाही, आणि विचारल्यास तो पटण्याजोगे कारण रचून देण्याचा धोका आहे.

तरीही या कामात एजंट मोठी मदत करू शकतात. क्रम बदलावा लागेल. प्रत्यक्ष वापरातील इनपुट आणि त्यांची उत्तरे नोंदवून, आजचे वागणे आहे तसे पकडणाऱ्या टेस्ट प्रथम लिहून घ्या. हे कंटाळवाणे काम माणसांनी वर्षानुवर्षे टाळले आहे आणि एजंट ते चिकाटीने करतात. मग कोणता भाग कशावर अवलंबून आहे याचा नकाशा काढून घ्या, एकेक भाग बदला, जुना आणि नवा काही काळ समांतर चालवून उत्तरे ताडून पाहा. वाटेत निरर्थक वाटणाऱ्या अटी भेटतील. त्यांपैकी एखादी खरोखर मृत असेल, दुसरी एखाद्या जुन्या ग्राहकाच्या फाइलीसाठी किंवा कायद्यातील तरतुदीसाठी असेल. एजंटला त्या काढू देऊ नका. त्यांची यादी करायला सांगा आणि ती यादी घेऊन प्रणाली रोज वापरणाऱ्या माणसांकडे जा. कोडपेक्षा कितीतरी अधिक समज त्यांच्यापाशी उरलेली असते.

मिळालेली उत्तरे लिहून ठेवा. परिस्थिती काय होती, निर्णय कोणता घेतला, त्याचे परिणाम काय, अशा लहान नोंदींची पद्धत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवली होती. अनेक टीमनी ती सुरू केली आणि वाचणारे कुणी नाही म्हणून सोडली. आता प्रत्येक काम सुरू करण्याआधी एजंट त्या वाचू शकतो, त्यामुळे त्या लिहिण्याचा मोबदला लगेच दिसतो. एजंटसाठीच्या सूचनांची फाइल मात्र आटोपशीर ठेवा. कोड पाहून जे कळू शकत नाही तेवढेच तिच्यात असावे.

प्रश्न : मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. कोड एजंटच लिहिणार असतील तर प्रोग्रॅमिंग शिकण्यात वेळ घालवावा का?

हो, आणि मनापासून घालवावा. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये सॉफ्टवेअरमधील अडचणींचे दोन प्रकार केले होते : साधनांमुळे येणाऱ्या आणि प्रश्नाच्या स्वरूपातच असलेल्या. एजंट पहिल्या प्रकारच्या अडचणी मोठ्या प्रमाणात दूर करतात. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे दोन वापरकर्त्यांनी एकाच क्षणी एकच नोंद बदलली तर काय व्हावे, अर्धवट पोहोचलेल्या संदेशाचे काय करावे, अशा अडचणी ओळखायला ट्रान्झॅक्शन (एक तर पूर्ण होणारे, नाही तर अजिबात न होणारे बदल), नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम यांची समज लागते, आणि ती स्वतः कोड लिहून, मोडून, दुरुस्त केल्याशिवाय येत नाही. अभ्यास करताना आधी स्वतः लिहा, मग एजंटकडून लिहून घ्या आणि दोन्हींतील फरकाचे कारण शोधा. नवशिक्यांना कामावर घेणे थांबवणाऱ्या संस्थांविषयी मला काळजी वाटते, कारण काही वर्षांनी एजंटचे काम तपासू शकणारी अनुभवी माणसे त्यांना मिळायची तर ती आजच्या नवशिक्यांतूनच घडावी लागतील.

प्रश्न : एजंटला कोणत्या परवानग्या द्याव्यात आणि कोणत्या देऊ नयेत?

प्रोग्रॅमर सायमन विलिसन यांनी २०२५ मध्ये सांगितलेला निकष सोपा आणि उपयुक्त आहे. खासगी माहिती वाचता येणे, बाहेरून आलेला अविश्वसनीय मजकूर वाचला जाणे आणि बाहेर माहिती पाठवता येणे, या तिन्ही गोष्टी एकाच एजंटकडे एकत्र येऊ देऊ नयेत. भाषेच्या मॉडेलला तुमची सूचना आणि वाचलेल्या मजकुरात दडवलेली सूचना यांत खात्रीने फरक करता येत नाही. त्यामुळे एखाद्या तक्रारीत कुणी लिहून ठेवलेले वाक्य आज्ञा म्हणून पाळले जाऊ शकते. तिन्हींपैकी एक गोष्ट काढली की हल्लेखोराची साखळी तुटते. एजंट वेगळ्या सँडबॉक्समध्ये (बाकी प्रणालीपासून तोडलेल्या जागेत) चालवा आणि प्रॉडक्शन डेटाबेसचा पासवर्ड त्याच्या आवाक्यात ठेवू नका. डेटा पुसू नकोस असे लिहून ठेवणे ही सुरक्षाव्यवस्था होत नाही.

पॅकेजांची, म्हणजे इतरांनी लिहून प्रसिद्ध केलेल्या तयार कोडची, काळजी वेगळी घ्यावी लागते. मॉडेल कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजांची नावे देतात. १६ मॉडेलांनी लिहिलेल्या ५ लाख ७६ हजार नमुन्यांच्या एका अभ्यासात अशा नावांचे प्रमाण व्यावसायिक मॉडेलांत सरासरी किमान ५.२ टक्के आणि खुल्या मॉडेलांत २१.७ टक्के आढळले. त्यातली काही नावे पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे त्याच नावाने घातक पॅकेज आधीच प्रसिद्ध करून ठेवणे हल्लेखोराला शक्य होते. नवे पॅकेज माणसाच्या मंजुरीशिवाय जोडले जाणार नाही असा नियम बिल्डमध्ये घाला, आणि मंजुरी देणाऱ्याने ते पॅकेज कोणाचे आहे, केव्हापासून आहे आणि त्याची खरोखर गरज आहे का, हे पाहूनच ती द्यावी.